पश्चिमेस उगवलेला सोमवार

सोलापूरच्या बाळीवेशीच्या परिसरात ध्वनीहूनही वेगवान अशा विमानातून प्रवास केलेले गृहस्थ माझ्या माहितीप्रमाणे दोनच आहेत. पहिला मी, गुरुबसप्पा, टर्किश टॉवेलचा उत्पादक. आणि दुसरे माझे चुलतबंधू व भागीदार ईरप्पा. पैकी ईरप्पांनी तो समग्र प्रवास डोळे मिटून केला असल्यामुळे त्याचे वर्णन करण्याचे दायित्व माझ्याकडे येते, आणि ते मी आनंदाने स्वीकारतो. शाळेशी माझा संबंध पाचव्या इयत्तेतच संपला असला, तरी जे डोळ्यांनी पाहिले ते शब्दांत मांडण्यास मी समर्थ आहे, असा माझा विश्वास आहे.

तथापि विमानाकडे वळण्यापूर्वी एका व्रताची हकिगत सांगणे अगत्याचे आहे. कारण त्या व्रतावाचून हा प्रवास निव्वळ मौजेचा ठरला असता.

माझी पत्नी नीलम्मा हिची दोन अपत्ये जन्मापूर्वीच गेली. सन १९७८ च्या ज्येष्ठात तिला पुनश्च दिवस राहिले, तेव्हा आम्ही उभयतांनी मठात जाऊन शिवयोगी स्वामींसमोर सोळा सोमवारांचा संकल्प केला. स्वामींनी माझ्या हातावर तिचा हात ठेवला आणि दोहोंवर मिळून पाणी सोडले. नियम असा की, सोमवारी दिवसभर अन्न वर्ज्य. सूर्य मावळल्यावर कपाळी विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करावी आणि मगच घास घ्यावा. एका जरी सोमवारी यात खंड पडला, तर पहिल्यापासून पुन्हा सोळा. लेडी डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालूनच संमती दिली होती. "दूध-फळं घ्यायचीच," त्या म्हणाल्या, "आणि हे सोळा झाले की पुढं एकही उपवास नाही. शेवटचे महिने मी ऐकून घेणार नाही." श्रावणाच्या पहिल्या सोमवारी आरंभ केला म्हणजे कार्तिकात सांगता होते. त्याप्रमाणे गणित जमत होते.

सात सोमवार निर्विघ्न पार पडले. आठव्याच्या सुमारास अमेरिकेहून बोलावणे आले. तेथील काही मोठ्या हॉटेलांसाठी टॉवेल खरेदी करणाऱ्या एका गृहस्थांना आमचा माल स्वतःच्या हाताने पारखून पाहावयाचा होता, आणि मंगळवारी सकाळी वॉशिंग्टन शहरी त्यांची आमची भेट ठरली. म्हणजे सोमवारचा दिवस प्रवासात जाणार.

माझ्या वडिलांची थोरली बहीण नागव्वा आमच्या घरातील सर्वांत वडील. तिने हे ऐकले आणि शेंगा निवडण्याचे सूप बाजूस सारले.

"सोमवारी मुलखाभायेर? आन् उपास?"

"आत्या, शिव काय फकस्त सोलापुरातच हाय का?"

"शिव सगळीकडं हाय रे. कडक भाकरी न्हाय."

आणि तिने व नीलम्माने मिळून दोन दिवस चुलीपुढे बसून ज्वारीच्या कडक भाकरीची एक चळत मला बांधून दिली, सोबत शेंगाचटणीची पुडी. निघताना नीलम्मा दारापर्यंत आली. तिने एवढेच सांगितले, "तितला सूर्य कवा मावळतो त्ये आपल्याला काय म्हाईत. डोळ्यानं बगून मगच खावा."

"डोळ्यानं बगूनच खाईन," असे मी तिला वचन दिले.

पॅरिस येथे आम्हास विमान बदलावयाचे होते. तेथे सोमवारी दुपारी पोहोचलो तो आमच्या पुढील विमानाच्या यंत्रात बिघाड झाल्याचे समजले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरे विमान नाही, असे खिडकीवरील बाईंनी सांगितले. ईरप्पा बी. कॉम. झालेले असून इंग्रजी अस्खलित बोलतात. त्यांनी नमुन्याच्या टॉवेलांची पेटी तिथल्या तिथे उघडली आणि हे टॉवेल मंगळवारी सकाळी वॉशिंग्टनला पोहोचले नाहीत तर एका कारखान्यातील माणसांवर काय प्रसंग ओढवेल, याचे इतके हृदयद्रावक निरूपण केले की मला इंग्रजी कळत नसूनही गहिवरून आले. बाई आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. ईरप्पा माझ्याकडे परतले ते उतरल्या चेहऱ्याने.

"अण्णा, जागा मिळाल्या. पण न मिळत्या तर बरं झालं असतं."

"का? काय झालं?"

"त्या चोचीच्या इमानात बसवतेत आपल्याला. कॉन्कॉर्ड. रिकाम्या खुर्च्या हायत म्हणं त्यात."

"रिकाम्या का?"

"कोण बसणार, अण्णा? आवाजाच्या फुडं पळतंय त्ये. मागं काय फुटलं-तुटलं तर आपल्याला आवाजसुदिक यायचा न्हाय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भीती मला शिवली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. जे यंत्र मनुष्याने बनविले त्यात मनुष्याने बसावे, यात भिण्यासारखे काय आहे? आमच्या कारखान्यात नवा माग येतो तेव्हा त्याजवळ प्रथम मीच उभा राहतो.

काचेच्या भिंतीपलीकडे ते उभे होते. शुभ्र, निमुळते, उंच पायांवर उभा असलेला एखादा बगळा मान खाली घालून पाण्यात पाहतो तसे त्याचे नाक खाली झुकलेले. त्याच्या मागे सूर्य अस्ताला चालला होता. मी इतर सर्व सोडून त्या सूर्याकडे पाहत बसलो. नीलम्माला वचन दिले होते. तो लाल झाला, दूरच्या इमारतींच्या रेषेला टेकला, अर्धा राहिला, आणि गेला. मी ईरप्पांना साक्षी ठेवले.

"गेला ना?"

"गेला की. आता आपण जाऊ त्याच्यामागं," ईरप्पा म्हणाले. हे शब्द त्यांनी केवळ त्रासून उच्चारले होते. परंतु ते अक्षरशः खरे ठरणार होते.

विमानाच्या आतील भाग अपेक्षेहून पुष्कळ अरुंद आहे. मधून वाट, दोहोंकडे दोन-दोन खुर्च्या, आणि खिडक्या तर तळहाताएवढ्या. उड्डाणाच्या वेळी जो रेटा बसला तो शब्दांत सांगणे कठीण. भरल्या बैलगाडीने मागून धडक दिली आणि ती धडक थांबलीच नाही, असे समजावे. ईरप्पांनी तेथेच डोळे मिटले. थोड्या अवधीने आवाज एकाएकी मंदावला व विमान हवेत खचल्यासारखे वाटले. ईरप्पांनी माझे मनगट धरले.

"बंद पडलं का काय, अण्णा?"

"न्हाय हो. खालच्या लोकांच्या झोपा मोडू नयेत म्हणून हळू केलं असंल."

हा माझा केवळ तर्क होता. पण पुढे चौकशी करता तो योग्य निघाला.

बाहेर अंधार पडला होता. कंबरेचा पट्टा सोडण्याची परवानगी मिळाल्यावर मी कपाळी विभूती रेखली, गळ्यातील करंडकातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतले आणि पूजा केली. वाटेपलीकडे एक वयस्क गोऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी हातातील पेला खाली ठेवला आणि पूजा आटोपेपर्यंत पुन्हा उचलला नाही. त्यांची ही सभ्यता मी विसरणार नाही. नंतर मी भाकरीचे गाठोडे सोडले. वाढणाऱ्या मुलींनी चांदीसारख्या ताटांतून नाना पदार्थ आणले होते, परंतु माझी भाकरी पाहून त्यांपैकी एकीने एक कोरी बशी आणून दिली. कडक भाकरी मोडताना जो कडाड असा आवाज होतो, तो त्या नीरव दालनात इतका मोठा उमटला की ईरप्पा दचकले.

"काय तुटलं?"

"भाकरी."

"हळू खावा की! जीव जातोय हितं."

वाटेपलीकडील बाई हसल्या. मी त्यांना एक तुकडा व चिमूटभर चटणी दिली. भाकरी त्यांनी कौतुकाने खाल्ली. चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. तरी त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

आमच्या समोरील भिंतीवर एक फलक असून त्यावर उजळ अंक वाढत होते. समुद्र लागताच विमानाने पाठीमागून एक हलका धक्का दिला, मग आणखी एक. अंक एकच्या पुढे गेला, म्हणजे आम्ही ध्वनीला मागे टाकले. काहीही झाले नाही. पेल्यातील पाणी हललेदेखील नाही. पुढे अंक दोनपर्यंत चढला. मी खिडकीला हात लावला तर काच ऊन लागत होती. बाहेर इतकी थंडी असताना केवळ वाऱ्याच्या घर्षणाने ती तापते म्हणे. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडावर हात ठेवावा तशी ती ऊब होती.

मी दुसरी भाकरी खात होतो. सहज खिडकीतून पुढे, पश्चिमेकडे पाहिले तो अंधाराच्या तळाशी एक तांबूस काठ दिसला. प्रथम वाटले, कोठे तरी आग लागली असावी. पण तो काठ रुंदावत गेला, तांबड्याचा नारिंगी झाला, त्याच्या वर पिवळा, त्याच्या वर जांभळा आणि डोक्यावर जवळजवळ काळे आकाश. आणि मग त्या काठातून सूर्य वर आला. पश्चिमेतून! जो माझ्या डोळ्यांदेखत मावळला होता तोच सूर्य, जेथून गेला तेथूनच हळूहळू परत वर चढू लागला. खाली ढगांची जमीन उजळली, आणि पृथ्वीची कड किंचित वाकलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

"ईरप्पा, डोळे उघडा! सूर्य उगवला!"

"सकाळ झाली का? बरं झालं, उतरू आता."

"सकाळ न्हाय, कालचाच... न्हाय, आजचाच सूर्य हाय हा! उलटा उगवला!"

"उलटं काय झालं असंल तर मला सांगू नका, अण्णा," असे म्हणून त्यांनी पापण्या अधिकच घट्ट मिटल्या.

माझा एक हात त्या उबदार काचेवर होता व दुसऱ्या हातात भाकरी होती. ती मी खात राहिलो. त्या क्षणी माझ्या मनात एकच विचार होता, की हे नीलम्माला कसे सांगावे. आमच्या साऱ्या पिढ्यांत सूर्याला परत वर येताना कोणी पाहिले नाही, आणि ते पाहण्याचे भाग्य टॉवेल विणणाऱ्या माणसास लाभले! वॉशिंग्टनला उतरलो तेव्हा तेथे अजून चांगले ऊन होते. हॉटेलच्या खिडकीतून तो सूर्य मी दुसऱ्यांदा मावळताना पाहिला, आणि त्याला मनोभावे हात जोडले.

टॉवेल पसंत पडले. त्याचे वर्णन येथे अप्रस्तुत आहे.

सोलापुरास परतल्यावर आमच्या ओट्यावर जी गर्दी जमली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मी विमानाचे नाक, अंकांचा फलक, गरम काच, सारे क्रमाने सांगितले. लोक मान डोलावीत होते. नीलम्मा उंबऱ्याशी बसून ऐकत होती. तिच्यासाठीच मी आवाज चढवून बोलत होतो. मग मी सूर्यावर आलो. भाकरीचे गाठोडे, कडाड आवाज, आणि पश्चिमेतून वर आलेले ते तेज... मी हातवारे करून सांगितले. लोक हरखून गेले. एकटी नागव्वा हरखली नाही.

"थांब, गुरबसा. सूर्य आला तवा सोमवारच व्हता?"

"सोमवारच की, आत्या. तीच तर गंमत!"

"आन् तुझ्या हातात काय व्हतं?"

"भाकरी."

"म्हंजे सोमवारी, सूर्य डोक्यावर असताना, तू भाकरी खाल्लीस."

ओट्यावरील माना डोलायच्या थांबल्या. "डोक्यावर न्हाय, आत्या, आडवा व्हता," असे मी म्हणालो. पण ते उत्तर मलाच अपुरे वाटले. मी उंबऱ्याकडे पाहिले. नीलम्मा उठून आत गेली होती.

त्या रात्री ती मला एवढेच म्हणाली, "फुडच्या सोमवारपास्नं पयल्यापास्नं धरू या." मी हादरलो. त्या दिवसापासून पुन्हा सोळा मोजले तर ते पौषाच्याही पुढे, माघापर्यंत जात होते, आणि फाल्गुनात तिचे दिवस भरत होते. लेडी डॉक्टरांचे शब्द मी तिला आठवून दिले. ती म्हणाली, "डॉक्टरीण बाई व्रताचं काय जाणतेत?" आणि कूस बदलली. गेलेल्या दोन अपत्यांविषयी ती कधी बोलत नाही. त्या वेळीही बोलली नाही. परंतु ती तीच गोष्ट मनात धरून आहे, हे मला कळत होते. काहीही करून तिला या नव्या उपवासांपासून परावृत्त करणे, हेच आता माझे कर्तव्य ठरले. आणि ते मी पार पाडीन याविषयी मला शंका नव्हती.

प्रथम मी शास्त्राचा आधार घेतला. देवघरातील समई पेटवली, ती सूर्य. एक नारळ हातात घेतला, ती पृथ्वी. नारळावर गुळाने ज्वारीचा एक दाणा चिकटवला, ते विमान. नागव्वा व नीलम्मा यांना समोर बसविले. नारळ फिरवून पृथ्वीवर संध्याकाळ कशी होते ते दाखविले. मग दाणा बोटाने उलट्या दिशेने सरकवून तो पुन्हा उजेडात कसा येतो ते दाखविले. माझ्या मते प्रयोग सुस्पष्ट होता.

"म्हंजे सूर्य जाग्यावरच व्हता," नागव्वा म्हणाली.

"अगदी बरोबर, आत्या!"

"तो काय परत आला न्हाय."

"न्हायच की!"

"दाणाच उजेडात गेला. आपल्या पायानं. म्हंजे दोष सूर्याचा न्हाय, दाण्याचाच की!"

ईरप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, इझवा ती समई. तेल तरी वाचंल."

शास्त्र संपले तेव्हा मी मठाचा मार्ग धरला. ज्यांनी संकल्पाचे पाणी सोडले त्यांनीच निवाडा द्यावा, हे नागव्वालाही मान्य झाले. नीलम्मा, नागव्वा, ईरप्पा व मी असे चौघे शिवयोगी स्वामींपुढे बसलो. स्वामी फार वृद्ध आहेत. कोणाचेही बोलणे ते मध्येच तोडत नाहीत. मी सारे सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मग एक उघडला.

"काच किती ऊन व्हती रे?"

"इस्त्रीच्या कापडाइतकी, अप्पाजी."

"आन् आभाळ वर काळं?"

"जांभळट काळं."

"तारे?"

"तारे दिसले न्हायत, अप्पाजी."

"हं. सोडण्याजोगं न्हाय, जाऊन बघाया पायजे." नागव्वा खाकरली, तसे स्वामी मूळ प्रश्नाकडे वळले. ते विचारात पडलेले स्पष्ट दिसत होते. "भाकरी गुरुबसप्पाच्या तोंडात गेली. नीलम्मा हितं व्हती, हितला सूर्य बगून जेवली. मग तिनं का म्हणून पुन्ना धरावं?"

"अप्पाजी," नीलम्मा खाली पाहत म्हणाली, "पाणी दोगांच्या हातावर एकच सोडलं व्हतं तुमी. त्ये येगळं कसं करावं?"

स्वामींनी तिच्या हातांकडे पाहिले. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसले, की ते मला एक वाट दाखवीत आहेत.

"गुरुबसप्पा, नीट आठव. सूर्य दिसला त्या घडीला हातातली भाकरी खाली ठिवली असशील तू. कोण बी ठिवंल. ठिवली असंल तर आधी खाल्लं ते अंधारात खाल्लं. त्यात दोष न्हाय. व्रत अखंड हाय, उठा आन् घरी जावा. ठिवली व्हतीस न्हवं?"

होय म्हणणे किती सोपे होते! ईरप्पांचे डोळे मिटलेले असल्याने मला खोटे पाडणारा साक्षीदार कोणी नव्हता. एका शब्दात नीलम्मा माघापर्यंतच्या उपवासांतून मुक्त झाली असती. नागव्वासुद्धा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्याही नजरेत मला होकाराचीच इच्छा दिसली. परंतु ज्या लेकरासाठी हातावर पाणी घेतले, त्याचे रक्षण असत्याने होईल, असे मला वाटले नाही. शिवाय त्या दृश्याविषयी खोटे बोलणे मला शक्यच नव्हते. इतके ते माझ्या मनात सत्य होते.

"न्हाय, अप्पाजी," मी म्हणालो. "ठिवली न्हाय. एक हात काचेवर व्हता, एका हातानं खात व्हतो. उपास ध्यानातच न्हवता. मला इतका आनंद झाला व्हता की, कुणी इचारलं असतं तर माझं नावसुदिक सांगता आलं नसतं. नीलम्माला ह्ये कवा एकदा सांगीन, एवढंच डोक्यात व्हतं."

नागव्वाने कपाळाला हात लावला. ईरप्पा पुटपुटले, "झालं."

नीलम्माने मान वर केली. परतल्यापासून तिने माझ्याकडे असे सरळ पाहिलेच नव्हते.

"तुमी भ्याला न्हाय?"

"कशाला भिऊ?"

"सूर्य उलटा आला न्हवं. पोटात लेकरू हाय, आन् मावळलेला दिस मागं फिरला. मला वाटलं, काय तरी वंगाळ व्हनार म्हणून देवानं तुमाला दाखिवलं. तुमाला बी त्ये कळलंय, आन् मी भिईन म्हणून हसून सांगताय."

तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले. इतके दिवस मी भाकरीचा हिशेब मांडत होतो. ती मात्र भाकरीविषयी नव्हे, सूर्याविषयी चिंता करीत होती. नवे सोळा उपवास तिने नियमापोटी नव्हे, भयापोटी मनात घेतले होते.

"वंगाळ?" मी म्हणालो. "नीला, त्याच्याइतकं चांगलं मी जन्मात काय बगितलं न्हाय. गेलेला परत येतो, ह्ये बगितलं मी."

मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि ती हसली. प्रथम हलकेच, मग तोंडावर पदर धरून. "आन् भाकरी खातच व्हता!" ती म्हणाली. "बगा, अप्पाजी, आख्खा सूर्य फुडं आलाय, आन् ह्यांचं तोंड चालूच!"

नागव्वाही हसू लागली. स्वामींनी दोन्ही डोळे उघडले.

"आता सांग, पोरी. पाणी येगळं व्हतं का?"

"व्हतं, अप्पाजी. ह्यांनी आनंदात उपास इसरला, मी भ्याले म्हणून धराया निगाले. दोन्ही एक न्हाय. माझं न्हायलेलं मी पुरं करते. ह्यांचं ह्यांनी बगावं."

तसाच निवाडा झाला. नीलम्माने आपले उरलेले सोमवार दूध-फळांवर पूर्ण करावेत व कार्तिकात थांबावे. मी मात्र पहिल्यापासून सोळा एकट्याने करावेत. निघताना स्वामींनी मला जवळ बोलावून सांगितले, "आन् ह्या सोळांत इमानात बसू नको."

मी तो नियम अक्षरशः पाळला. कार्तिकानंतर सोमवारी दुपारी नीलम्मा माझ्यासमोर बसून तुपाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खात असे, आणि मी उपाशी पोटी तिला पुन्हा पुन्हा तो सूर्योदय सांगत असे. प्रत्येक वेळी ती नवा प्रश्न विचारी. कधी रंग किती होते, कधी त्या गोऱ्या बाईंचे नंतर काय झाले. लेडी डॉक्टर तिचे वजन पाहून प्रसन्न झाल्या होत्या.

माघातील माझ्या सोळाव्या सोमवारी आम्ही सारे गच्चीवर गेलो. आठव्या महिन्याचे ओझे सांभाळीत नीलम्मा स्वतः जिना चढली. मी हात धरला होता. सिद्धेश्वर तलावाच्या पलीकडे सूर्य गेला. मी पूजा केली आणि ताटाकडे हात नेला, तोच नागव्वाने माझे मनगट धरले.

"दम धर. आजून जरा बगू या. परत आला तर?"

"आत्या, हितं गच्चीवर कसा परत येईल?"

"तुझा काय भरवसा न्हाय, गुरबसा."

म्हणून आम्ही सर्वजण, म्हणजे आत्या, ईरप्पा, नीलम्मा आणि मी, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. लाली विरली. गावात दिवे लागले. कारखान्याचा भोंगा झाला. नीलम्मा थकली होती, तिने स्वतःच भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "आला तर येऊ दे की. आपण हायच."

फाल्गुनात आम्हास कन्या झाली. तिचे नाव दाक्षायणी. ती व तिची आई दोघी खुशाल आहेत.